कट्ट्याचा राउटर बंद असताना

कट्टा,
सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

जितूदादा,

फोन तू उचलत नाहीस आणि मेल वाचतोस की नाही ते ठाऊक नाही. काकी गुडघ्याच्या डॉक्टरकडे दर सोमवारी आणि गुरुवारी कसालला येते, म्हणून शेवटी तिलाच गळ घातली. ती म्हणाली, "तू जावेची, तो माझो, पण दोघां वाढलात एकाच पडवीत. लिवन दे, पोचयतंय. पण आत काय आसा ता माका आधी सांगूक व्हया." मग तिला सगळं समजावून सांगावं लागलं. तिला सांगितलं तसंच तुलाही लिहिते. तुला ह्यातलं सगळं येतं, पण आपण दोघांनी एकाच गोष्टीला एकच नाव दिलेलं बरं.

गावांना इंटरनेट पोचवणारा माझा कट्ट्याचा राउटर अधूनमधून बसतो. त्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये दोष आहे, मेमरी भरत जाते आणि मग तो गप्प होतो. गणपतीनंतर दोनदा झालं. तो बसला की तुझा कसालचा राउटर आणि माझा मालवणचा, दोघंही बोंब मारतात की कट्टा गेला. सगळे रस्ते नव्याने ठरतात, सगळा भार सड्यावरच्या, त्या उघड्या माळावरून कसाल-मालवण थेट जोडणाऱ्या बारीकशा वायरलेसवर पडतो. पाच-सात मिनिटांनी कट्टा उठतो आणि पुन्हा पहिल्यापासून तेच.

मालवणला मच्छीमार सोसायटीच्या खोलीत सुगंधा पडद्यासमोर बसते. बोटींवर बसवलेल्या यंत्रांचे ठिपके तिला दिसतात. प्रत्येक हिसक्याला तिचा संगणक बाहेर फेकला जातो आणि पुन्हा जोडायला वेळ लागतो. तेवढ्यात समुद्रावर कुणी मदतीचं लाल बटण दाबलं तर ते कुणालाच दिसत नाही.

नवं सॉफ्टवेअर आलंय. पण जुन्यावरून थेट नव्यावर उडी घेता येत नाही, मधली एक पायरी आहे. म्हणजे राउटर दोनदा बंद करून चालू करायचा. बोटी रात्रंदिवस बाहेर असतात, त्यामुळे मोकळी वेळ अशी मिळतच नाही.

उपाय तुला ठाऊक आहे. राउटरमध्ये एक भाग रस्ते ठरवतो आणि दुसरा भाग माल, म्हणजे लोकांचे संदेश, पुढे ढकलतो. ठरवणारा बंद असला तरी ढकलणारा आधीच्याच रस्त्यांवर काम चालू ठेवू शकतो. अट एकच. बंद होण्याआधी तो शेजाऱ्यांना सांगेल, "मी थोडा वेळ गप्प बसणार आहे," आणि शेजाऱ्यांनी तेवढा वेळ बोंब मारायची नाही. मालवणच्या राउटरवर मी ही सोय चालू केली. कसालचा तुझा आहे, तिथे तूच करायला हवीस. माझ्या एकटीच्याने हे होत नाही, म्हणून लिहिते आहे.

दुसरं काही मागत नाही.

संचिता


कसाल,
गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५

संचितास,

पत्र मिळालं. आई समोर बसून आहे, उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाही म्हणते, म्हणून लगेच लिहितो.

सोय मला माहीत आहे. मी ती चालू करणार नाही.

पुण्यात कंपनीत होतो तेव्हा असाच एक राउटर बंद झाला आणि शेजाऱ्यांनी तो चालू आहे असं धरून ठेवलं. मधल्या वेळात पलीकडचा एक रस्ता तुटला. बंद राउटरला ते कळलं नाही, तो जुन्याच रस्त्याने माल ढकलत राहिला आणि माल परत येत राहिला. आमच्या पडद्यावर सगळे दिवे हिरवे. लोक फोन करून सांगत होते की काहीच चालत नाही, आणि आम्ही शिकलेली माणसं त्यांना सांगत होतो की सगळं ठीक आहे. तो दिवस मी विसरलेलो नाही.

राउटर बंद असेल तर तो बंद आहे असं सांगावं. रस्ते पुन्हा ठरू देत, पाच मिनिटं गैरसोय होऊ दे. माझ्या लाइनवर डॉक्टर दत्तप्रसादांचा दवाखाना आहे. तिथून हृदयाचे आलेख कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे जातात. त्यांना मी हिरवे दिवे दाखवून फसवणार नाही.

राउटर नवा घे. तोवर वायरलेसची ताकद वाढव.

जितेंद्र


कट्टा,
सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

जितूदादा,

तुझं पत्र काकीने मला वाचायला लावलं, मोठ्याने. "फसवणार नाही" हे आलं तेव्हा ती म्हणाली, "कोण कोणाक फसयता?" मी पुढे वाचत राहिले.

नवा राउटर घेतला तरी तो कधीतरी बंद करावा लागणारच. जगातला प्रत्येक राउटर कधीतरी बंद करावा लागतो. मग काय, दरवेळी किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी हिसके खायचे?

मी दुकानाच्या मागच्या खोलीत तीन जुने राउटर मांडले. एक कसाल, एक कट्टा, एक मालवण, खडूने नावं लिहिली. दोन टोकांना दोन संगणक लावले आणि मधला बंद करून चालू केला. माझ्या हाताखालचा धनेश बाजूला बसून मोजत होता. एकही संदेश हरवला नाही. पुन्हा केलं, तेच. तिसऱ्यांदा धनेश म्हणाला, "ताई, आता तरी चाय घेवया." निकालाचा कागद सोबत ठेवला आहे.

आता न मागितलेलं एक लिहिते. तीन वर्षांपूर्वी, वादळाच्या त्या दिवशी कट्ट्याचा राउटर उठत-बसत होता. तू कसालला माझी वायर राउटरमधून उपसलीस. सड्यावरचा वायरलेस तेव्हा नव्हता, मालवण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंधारात. सोसायटीची माणसं माझ्या दारात येऊन उभी राहिली, आणि वायर तू काढलीस हे मला त्यांच्याकडून कळलं. आपण भागीदार होतो तेव्हा. तुझ्या टोकाला काय चाललं होतं ते मला आजही माहीत नाही. त्या दिवशी फोन बंद होते हे मान्य. दुसऱ्या दिवशी चालू होते.

मला त्याचं काही नको आहे. पण बंद असेल तर बंद म्हणावं हे मला शिकवू नकोस.

सोय चालू कर. मी दर सोमवारी लिहीन.

संचिता


कट्टा,
सोमवार, २२ सप्टेंबर २०२५

जितूदादा,

गुरुवारी उत्तर आलं नाही. काकी म्हणाली, "लिवता आसा, पण फाडून टाकता." मग पुन्हा लिही.

राउटरची मेमरी आज तीन चतुर्थांश भरली आहे.

संचिता


कसाल,
सोमवार, २९ सप्टेंबर २०२५

संचिता,

शुक्रवारी तुझा राउटर बसला, ते इथे कळलंच. देवबागच्या दोन भावांची बोट इंजिन बंद पडून वाहत होती, त्यांनी बटण दाबलं आणि नेमका तेव्हा सुगंधाचा पडदा कोरा होता, हे मला आईकडून कळलं. दुसऱ्या बोटीने त्यांना पाहिलं म्हणून बरं झालं. तू कळवलं नाहीस. कळवलं असतंस तर मी उत्तर दिलं असतं का, ते मलाही सांगता येत नाही.

तुझा कागद मी पुष्कळदा पाहिला. तीनही वेळा तू सगळे रस्ते शाबूत ठेवून मधला राउटर बंद केलास. कसालची बाहेरची, हायवेवरून जाणारी केबल मध्येच ओढून पाहिलीस का? मी तुला ओळखतो, पाहिली असणार. कागदावर ते नाही.

वादळाचं. दवाखान्यात त्या दिवशी एक माणूस टेबलावर होता. तुझा राउटर पडला की माझं सगळं पडत होतं, उठला की पुन्हा पडत होतं. मी वायर काढली. आज तशीच वेळ आली तरी काढीन. दुसऱ्या दिवशी फोन का केला नाही, तेच लिहायला बसतो आणि कागद फाडतो. आठवडाभर हेच चाललंय.

सोय मी चालू करतो. माझी एक अट आहे. कट्टा बंद असताना कुठलाही रस्ता बदलला, एकही, तर माझा राउटर तुझं धरून ठेवणं तिथल्या तिथे सोडून देईल. कट्टा गेला असं जाहीर करेल आणि सड्यावरच्या वायरलेसने जाईल. मालवणलाही तीच अट घाल. ही सेटिंग मी चालू ठेवणार, त्यात बदल होणार नाही.

जितेंद्र


कट्टा,
गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५

जितूदादा,

केबल ओढून पाहिली होती. दोन राउटर एकमेकांकडे माल टोलवत बसले आणि दिवे हिरवे राहिले. तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू नाहीच म्हटलं असतंस. आता लिहिते.

अट वाचून मला राग आला. वाटलं, होकार देऊन पळवाट ठेवलीस. काही खुट्ट झालं की हात सोडून देणार, जसा तेव्हा सोडलास. काल दिवसभर चिडून होते. संध्याकाळी टेबलावर तुझी अट घालून पुन्हा केबल ओढली. माल टोलवला गेला नाही. एक हिसका बसला, पण सगळं आडवाटेने चालू राहिलं. तरी राग काही गेला नाही. पण अट मान्य आहे. मालवणलाही घातली.

मंगळवार, ७ तारीख, सकाळी दहा. तू कसालला, मी कट्ट्याला, धनेश मालवणला सुगंधाशेजारी. तिला सगळं सांगितलं आहे. ती म्हणाली, "माझो पडदो गेलो तर मी बोटींका रेडिओवर आवाज देत ऱ्हवतंय, तू तुझा काम कर." माझा नंबर तुझ्याकडे आहे.

संचिता


कट्टा,
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

जितूदादा,

मंगळवारचं तू तुझ्या टोकाने पाहिलंस, माझ्या टोकाने काय झालं ते लिहिते.

दहाला राउटरने तुला आणि मालवणला निरोप दिला आणि गप्प झाला. माझा पडदा काळा पडला. शेजारच्या संगणकावर मालवणहून कसालला जाणारे संदेश दिसत होते. एकामागून एक, न चुकता. राउटर बंद होता आणि ते त्याच्यातूनच जात होते. टेबलावर पाहिलं होतं, तरी माझा विश्वास बसेना.

तेवढ्यात फोन वाजला. तुझं नाव. तीन वर्षांनी.

"संचिता, हायवेची लाइन गेली. पुलाखाली जेसीबी लागलो. माझो बाहेरचो रस्तो बंद."

मी म्हटलं, "मी काय करू?"

"काय करू नको. हात लावू नको. बघ."

तुझ्या आवाजात घाई नव्हती. माझा हात मात्र राउटरच्या बटणाशी पोचला होता. वाटत होतं, वायर ओढावी, चालू करावा, काहीतरी करावं. तो अर्ध्यावर असताना बटण दाबलं असतं तर कायमचा गेला असता. तू सांगितलंस म्हणून हात मागे घेतला.

मग संदेश तुटले. मी मोजलं नाही, मला मोजवलं नाही. धनेश दुसऱ्या फोनवर ओरडत होता, "सुगंधाताईचो पडदो गेलो." मागून तिचा आवाज येत होता, ती बोटींची नावं एकेक करून पुकारत होती आणि बोटी ओ देत होत्या. आणि तू म्हणालास, "सोडल्यान. माझ्या राउटरान कट्टो सोडल्यान. सड्यावरून मालवणाक गेलो, थयसून बाहेर." मालवणला वादळानंतर घेतलेली दुसऱ्या कंपनीची जोडलाइन, जी कधी कामाला येईल असं मला वाटलं नव्हतं, तिच्यावर कसाल चालू लागलं. सुगंधाच्या तोंडात अर्धी नावं असतानाच ठिपके परत आले.

कट्टा उठला तेव्हा दोन्ही शेजारी त्याला सोडून गेले होते. त्याने नव्याने ओळख करून घेतली आणि कामाला लागला. मधल्या पायरीचं सॉफ्टवेअर चढलंय. शेवटची पायरी बाकी आहे.

तुझ्या अटीला मी पळवाट म्हटलं होतं. ती नसती तर तुझं सगळं कसाल माझ्या झोपलेल्या राउटरवर आपटत राहिलं असतं आणि दिवे हिरवे असते.

दुसऱ्या पायरीला तू आता नको म्हणशील असं वाटतं. म्हटलंस तर मी समजू शकते. पण मी पुन्हा विचारीन.

संचिता


कसाल,
सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

संचिता,

नको म्हणणार नाही.

लाइन तुटली तेव्हा डॉक्टर दत्तप्रसादांकडे ओरोसची एक बाई होती. छातीत दुखत होतं, आलेख अर्धा गेलेला. मी तुझ्याशी बोलत होतो तेव्हा दवाखान्याचा माणूस माझ्या दारात उभा होता. त्याला मी सांगितलं की रस्ता बदलतोय, अर्ध्या मिनिटात पुन्हा पाठवा. त्यांनी पाठवला, गेला. कोल्हापूरहून सांगितलं की लगेच हलवा. बाई बरी आहे, शनिवारी घरी गेली.

हे सगळं मला त्याला खरं खरं सांगता आलं, कारण काय चाललंय ते मला माहीत होतं. वादळात मला काहीच माहीत नव्हतं. तुझ्या टोकाला काय आहे ते विचारायला तू नव्हतीस, आणि नंतर मी विचारलं नाही. ते मी चुकवायला नको होतं.

आई म्हणते गुडघा आता बरा आहे, पुढच्या आठवड्यापासून डॉक्टर नको. तिला म्हटलं, मग पत्रं कोण नेणार? म्हणाली, "तुमका तोंडां नाय काय देवान दिलेली?"

हायवेवाल्यांना भेटून आलो. मंगळवारी २८ला ते पुलापाशी खोदणार नाहीत, तसं कबूल करून घेतलं आहे. शिवाय त्या दिवशी मी माझा माणूस पुलावर उभा करतो. दिवाळीही आटोपलेली असेल. शेवटची पायरी तेव्हा करू. अट तीच.

जितू


कट्टा,
गुरुवार, ३० ऑक्टोबर २०२५

जितूदादा,

काकी आता कसालला येत नाही, म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण मंगळवारी आपण बोललो तेव्हा मला नीट बोलता येत नव्हतं.

तुला पलीकडे एवढंच दिसलं असेल की कट्ट्याचा निरोप आला, तुझ्या राउटरने धरून ठेवलं, आणि थोड्या वेळाने कट्ट्याने सांगितलं, उठलो. माझ्याकडे तर त्याहूनही कमी दिसलं. काळा पडदा आणि शेजारी संदेश जाताना. मी खुर्चीत बसलेच नाही, उभी होते. चहा गार झाला. दारात एक बाई मोबाइलचं रिचार्ज मागायला आली, तिला मी हाताने थांबवलं, तर तिला वाटलं घरात काही बरंवाईट झालंय.

मग पडद्यावर अक्षरं आली. नवी आवृत्ती. शेजारी दोन, दोन्ही जागेवर. रस्ते सगळे होते तिथे. मी मालवणच्या संदेशांची यादी वर ओढली, खाली ओढली. एक जागा रिकामी सापडेना.

धनेशला फोन लावला तर सुगंधानेच उचलला. म्हणाली, "गो, किती वेळ झालो, मी वाट बघतंय. कधी सुरू करतंस?"

मी म्हटलं, "झाला."

"काय झाला?"

"झाला सगळा. बंद केलंय, नवीन घातलंय, चालू केलंय."

तिने पडद्यावरचे ठिपके एकदा मोजले. मग म्हणाली, "माझ्या बोटी हललेव नाय गो."

तेव्हा मी खाली बसले. काकी आत आली आणि माझं तोंड बघून घाबरली. तिला सांगितलं तर म्हणाली, "मगे रडतंस कित्या?" मी डोळे पुसले. तेवढ्यात तू फोन केलास आणि "काय गो, जेवलंस काय?" असं विचारलंस. म्हणून तुझ्याशीही नीट बोलले नाही.

आता कामाचं. तुझ्या कसालच्या राउटरमध्ये तेच जुनं सॉफ्टवेअर आहे. मेमरी किती भरली आहे ते तू सांगितलं नाहीस, पण मी मंगळवारी पाहिलं. अर्ध्याच्या वर आहे. तो बसेपर्यंत थांबू नकोस. दिवस ठरव. मी कट्ट्याहून आणि मालवणहून तुझं धरून ठेवते. अट माझीही तीच राहील. काही बदललं तर माझे राउटर तुला सोडतील आणि मी त्याच क्षणी फोन करून सांगेन.

संचिता


कसाल,
शुक्रवार, ३१ ऑक्टोबर २०२५

गो संचिता,

अर्ध्याच्या वर नाय, तीन चतुर्थांश झाली काल. लपवक नाय, सांगूक लाज वाटली.

मंगळवारी सकाळी करूया. डॉक्टरांका सांगलंय, सुगंधाक तू सांग. धनेशाक पुलावर उभो कर, माझो माणूस मी मालवणाक धाडतंय, म्हणजे दोघांकाय दोन्ही टोकां कळतली.

आदल्या दिवशी मी कट्ट्याक येतंय. टेबलावरचे तुझे तीन राउटर अजून मांडलेले आसत असा आई म्हणता. केबल मी ओढतंय, तू बघ.

जितू